हवालदाराला दमा

जळकोट नावाची दोन नावाजलेली गावं आहेत. एक तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गजवळ, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. आणि दुसरं आमचं, लातूर जिल्ह्यातलं, उदगीरपासून तीसेक किलोमीटरवरचं. पहिलं हमरस्त्यावर असल्यामुळे साऱ्या जगाला माहीत आहे. दुसरं जगाला माहीत नाही, ही गोष्ट आम्हा जळकोटकरांना अजून कुणी सांगितलेली नाही. परिणाम असा होतो, की आमच्याकडच्या लग्नाला निघालेला पाहुणा कधी कधी त्या जळकोटात उतरतो, दिसेल त्या मांडवात शिरतो, पोटभर जेवतो, आहेर करतो आणि नवरदेव ओळखीचा वाटला नाही एवढी एकच तक्रार घेऊन घरी जातो. नाव बरोबर, मुक्काम चुकीचा!

असा घोटाळा गावांप्रमाणे रोगांतही असतो, हे मला हवालदारामुळे समजलं.

हवालदार हे आमच्या कुत्र्याचं नाव. जात गावठी, रंग खाकी, पोट किंचित पुढे आलेलं, आणि दुपारी लिंबाच्या सावलीला बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे अर्ध्या डोळ्याने संशयाने पाहायची सवय. आमच्या नातवाने त्याला तीन महिन्यांचा असतानाच ही बढती देऊन टाकली. गावात खरेखुरे हवालदारही राहतात, त्यामुळे "हवालदाराला दमा झालाय" ही बातमी आमच्या गल्लीतून बाजारात पोचली, तेव्हा दोघे भले गृहस्थ मोसंबी घेऊन ठाण्यावर भेटायला गेले. मोसंबी ठाण्यावरच राहिली.

मराठीत 'दम' हा शब्द फार कष्टाळू. फारसीतून आला तेव्हा श्वास एवढंच त्याच्याकडे काम होतं. आम्ही त्याला सालगड्यासारखा राबवला. दम धरावा, दम खावा, दम मारावा, दम द्यावा, दम भरावा, बोलण्यात दम नाही म्हणावं आणि बिर्याणीलाही दम द्यावा. यातला दम देणं हा आमच्या हवालदाराचा पिढीजात धंदा. दूधवाला, पोस्टमन, मतं मागायला आलेले उमेदवार, सगळ्यांना त्याने पक्षभेद न करता दम दिलेला आहे. अशा प्राण्यालाच दम लागावा, हा दैवाचा विनोद आम्हाला काही आवडला नाही.

सुरुवात झाली सोयाबीनच्या मळणीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात मळणीयंत्रं धडधडायला लागतात आणि सगळा आसमंत भुसकटाने पिवळा होतो. त्या दिवसांत हवालदार खोकू लागला. खोकला कोरडा, घशात भुईमुगाचं टरफल अडकल्यासारखा, आणि शेवटी ओकारी यावी तसा आवाज करून थोडा पांढरा फेस बाहेर. पहिल्या दिवशी सगळ्यांचं मत पडलं, की हाड अडकलंय. शेजारच्या एका धाडसी तरुणाने त्याचा जबडा उघडून आत टॉर्च मारला. हाड काही दिसलं नाही, पण हवालदाराचे दात किती मजबूत आहेत हे त्या तरुणाला जवळून पाहायला मिळालं.

मळणी संपली, दिवाळी झाली, थंडी आली, खोकला तसाच. पहाटे जास्त, धावल्यावर जास्त. पूर्वी पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की हवालदार त्याला सायकलीवरून उतरवेपर्यंत भुंकायचा, आता चार भुंकून झाले की पाचव्याला खोकला यायचा आणि पोस्टमनच थांबून "काय रे, बरं नाही का?" म्हणायचा. हवालदार मान फिरवायचा. हा अपमान आम्हाला बघवेना.

मग सल्लागार जमले. रोगाचं नाव त्यांनी तपासण्याआधीच ठरवलं होतं. "अवो, हे दमाच हाय," एक आजोबा म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्याला सेम असंच खोकायलं होतं." म्हातारा पुढे काय झाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. कुणी अडुळशाचा काढा सुचवला. कुणी लसूण मधात कुटून द्या म्हणालं. या लसणाबद्दल इथेच सांगून ठेवतो: कांदा आणि लसूण माणसाला कितीही गुणकारी असोत, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांनी फुटतात. तेव्हा मायेने कुटलेला लसूण कुत्र्याला खोकल्यातून सोडवून थेट पांडुरोगात नेऊन बसवू शकतो.

आणि अर्थात, मृगाचा मासा निघालाच. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून मोकळा झाला खरा, पण दम्याच्या बाबतीत आमची राजधानी अजून हैदराबादच आहे. मृग नक्षत्र लागलं, म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेला, तिथलं बत्तिनी गौड घराणं दम्याच्या रोग्यांना फुकट औषध देतं. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचं ते घराणं सांगतं. पिवळसर औषधाची गोळी जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात घालायची आणि ते पिल्लू माणसाच्या तोंडात. माणसाने ते न चावता गिळायचं. उदगीरहून रेल्वे आहेच, त्यामुळे आमच्याकडचे दमेकरी वर्षानुवर्षं त्या रांगेत उभे राहत आले आहेत. या उपायाने दमा जातो असा शास्त्रीय पुरावा आजवर पुढे आलेला नाही, पण आमच्या गल्लीला पुराव्यापेक्षा प्रवासाची आवड जास्त.

"हवालदाराला न्या की मिरगाला," असं ठरलं. मी एवढंच विचारलं, की मासा न चावता गिळायचा असतो हे हवालदाराला कोण सांगणार? तो स्वतःचा मासा चावून खाईल आणि मग रांगेतल्या पुढच्या माणसाचा. त्यावर मंडळी थोडी विचारात पडली. शाकाहारी लोकांना तेच औषध गुळातून मिळतं, अशी एक दुरुस्ती आली. आमच्या घरी माळ आहे, तेव्हा हवालदारालाही गुळाच्याच रांगेत उभं करावं, असा ठराव जवळजवळ पास होत होता. पण मृगाला सहा महिने अवकाश होता आणि हवालदाराला सहा पावलांनंतर धाप लागत होती. म्हणून आम्ही उदगीरचा रस्ता धरला.

उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हा मुलूख देवणी आणि लाल कंधारी जनावरांचा, त्यामुळे दवाखान्यातला खरा मान शिंगवाल्यांना. आमच्या पुढे एक म्हैस, एक देवणी वळू आणि दोन शेळ्या होत्या. वळूकडे पाहून हवालदाराने दम वगैरे देण्याचा विचार सोडून दिला आणि थेट माझ्या पायांमागे रजेवर गेला.

तपासायला एक तरुण डॉक्टरमॅडम होत्या. त्यांच्यासमोर हवालदार खोकला का? मुळीच नाही. महिनाभर रात्रंदिवस खोकणारा प्राणी तिथे असा शांत बसला, की जणू आम्हीच त्याच्यावर खोटी केस घातली आहे. पण नातू हुशार निघाला. त्याने मोबाइलवर खोकल्याचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. ते तोवर निम्म्या जळकोटने पाहिलेलं होतं, पण ज्यांनी पाहायला हवं त्या आता पाहत होत्या. मॅडम म्हणाल्या, ही सर्वांत कामाची गोष्ट केलीत. तेव्हा वाचकहो, तुमचा कुत्रा खोकत असेल तर त्याचं वर्णन करू नका. आपण केलेलं वर्णन ऐकून डॉक्टरला फक्त आपण कसे खोकतो ते कळतं. चित्रीकरण दाखवा.

"याला दमा झालाय ना?" मी विचारलं.

"काका, कुत्र्यांना तुमच्यासारखा दमा सहसा होतच नाही," मॅडम म्हणाल्या. "मांजरांना होतो."

हे ऐकून हवालदाराचे कान पडले. आयुष्यात मांजराने त्याच्यावर मिळवलेली ही पहिलीच आघाडी.

मग त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या आणि मांजराच्या दम्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू एकाएकी आवळतात. औषध मिळालं की सैल पडतात आणि माणूस दोन झटक्यांमध्ये बरा असतो. कुत्र्याच्या नळ्या अशा फारशा आवळत नाहीत. त्याच्या खोकल्याला 'दमा' म्हणून एकच पाटी लावली, तरी आत राहणारे भाडेकरू निरनिराळे असतात. म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यात हृदयाची झडप गळत असते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांची मुख्य श्वासनळीच चपटी होते आणि खोकला हंस ओरडल्यासारखा येतो. डासांच्या चाव्यातून हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जाणारे जंत असतात. दहा कुत्री एकत्र ठेवली की पसरणारा, बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरणारा सांसर्गिक खोकला असतो. त्यावर लसही आहे. कुठे ॲलर्जीने फुप्फुसात विशिष्ट पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली असते. आणि पग नावाचं ते चपट्या नाकाचं कुत्रं, जे २००३ साली मोबाइलच्या जाहिरातीत पोराच्या मागे मागे फिरलं आणि मग घराघरांत शिरलं, ते जन्मभर घोरतं आणि धापा टाकतं, त्याला तर रोग कुठला नसून नाकाचा नकाशाच चुकलेला असतो. आमच्या चाकूर तालुक्यातल्या जानवळची पश्मी कुत्री पाहा: लांब तोंड, खोल छाती, ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटणार. मराठवाड्याच्या उन्हात कुत्र्याला घाम अंगातून जवळजवळ येतच नाही, तो जिभेने हवा मारून थंड होतो. तिथे नाकच आखूड करून ठेवलेल्या प्राण्याने काय करावं?

म्हणजे पुन्हा दोन जळकोटांचाच प्रकार! पाहुण्याला भलत्या मांडवात जेवायला तरी मिळतं. भलत्या रोगाचं औषध मात्र गळणाऱ्या हृदयाच्या कुत्र्याला दिलं, तर जिवावर बेतू शकतं.

छातीचा एक्स-रे झाला, रक्त झालं, शेण, म्हणजे हवालदाराच्या बाबतीत जे काय म्हणतात ते, तपासून झालं. हृदय ठणठणीत. जंत नाहीत. खोकला दोन महिन्यांच्या वर चाललेला आणि दुसरं कारण सापडत नाही, तेव्हा निदान निघालं क्रॉनिक ब्राँकायटिस. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज, त्यात चिकट कफ.

"बरा होईल ना?" नातवाने विचारलं.

मॅडम जरा थांबल्या. "नळ्यांचं जे बिघडलंय ते पूर्ववत होत नाही रे," त्या म्हणाल्या. "बरा होणार नाही, पण बरा राहील. ते मात्र तुमच्या हातात आहे."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये कुणी बोललं नाही. हवालदार तेवढा खिडकीतून तोंड बाहेर काढून घोणसीपर्यंत सगळा वारा एकटाच पिऊन आला.

तुमच्या हातात म्हणजे काय, ते घरी आल्यावर उलगडत गेलं. गोळ्या होत्या सूज उतरवणाऱ्या, स्टेरॉइडच्या. त्या आधी पुरेशा द्यायच्या आणि मग हळूहळू, डॉक्टरांना विचारत विचारत, कमीत कमी मात्रेवर आणायच्या. बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करायच्या नाहीत. या गोळीने कुत्र्याला तहान फार लागते, भूक फार लागते आणि त्या दोन्हींचे जे परिणाम असतात ते रात्री दोन वाजता घरच्या मंडळींना उठवून दाखवावेत असंही फार वाटतं. त्यात मॅडमनी सांगितलेलं, वजन उतरवा. छातीवरची चरबी फुप्फुसाला पुरतं फुलू देत नाही. म्हणजे एकीकडे भूक वाढवायची आणि दुसरीकडे भाकरी कमी करायची! चौकशी केली तेव्हा कळलं, की हवालदाराला सकाळी सुनबाई अर्धी भाकरी देतात, दुपारी नातू अर्धी, संध्याकाळी शेजारच्या वहिनी एक, आणि रात्री थोरले काका आपल्या ताटातली, "बिचाऱ्याला कुणी काही घालत नाही" असं म्हणत. महिन्याकाठी एवढी भाकरी तर खऱ्या हवालदारालाही सरकार देत नसेल.

गळ्यातला पट्टा गेला. ओढला की तो नेमका श्वासनळीवर बसतो. त्याजागी छातीभोवतीचा पट्टा आला. फिरणं उन्हाच्या आधी, पहाटे. मग घराची झडती सुरू झाली. देवघरातला धूप आणि उदबत्ती, रात्रीची डासांची कॉइल, नातवाच्या अंगावर उडणारी पावडर, सुनबाईंचा तो फुसकन् सुगंध मारणारा डबा, परड्यातली पाणी तापवायची चूल. माणूस श्वास घेतो तो पाच फुटांवरून. कुत्रा घेतो दीड फुटावरून, जिथे धूळ आणि धूर निवांत मुक्कामाला असतात. उदबत्ती तुळशीपाशी गेली. पांडुरंगाने तक्रार केली नाही. फोडणीला हिरवी मिरची पडली की आधी हवालदाराला अंगणात पाठवायचं असा नियम झाला. ठसका आम्हालाही लागतो, पण आम्हाला जेवायचं असतं.

राहता राहिले थोरले काका. वय ऐंशीच्या पुढे, दमा तीस वर्षांचा, अस्सल माणसाचा दमा. आणि बिडी साठ वर्षांची. काका आणि हवालदार दिवसभर एकाच ओट्यावर बसलेले असत. एकाने खोकावं, दुसऱ्याने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहावं, मग दुसऱ्याने खोकावं. तीन डॉक्टरांनी, एका वैद्याने, आणि वारलेल्या काकूंनी काकांना बिडी सोडायला सांगून झालं होतं. मॅडमनी दिलेला कागद नातवाने वाचून दाखवला: "घरात धूम्रपान नको." काका म्हणाले, "कुणी लिहिलंय?" "हवालदाराच्या डॉक्टरनी." काका बराच वेळ गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून बिडी ओढायला ते फाटकाबाहेर जायला लागले, तेही वारा कुठून कुठे वाहतोय ते धोतराच्या सोग्यावरून बघून. फाटकापर्यंत जायचे सत्तर पावलांचे कष्ट. बंडल पूर्वी दिवसाला एक लागायचं, ते आता तीन दिवस पुरतं. सोडली मात्र नाही. "मी काही आजारी नाही," असं ते म्हणतात.

पुढे हवालदारालाही काकांसारखाच पंप सुरू झाला. कुत्र्याने तोंडात धरून ओढायचा कसा, असा प्रश्न गल्लीला पडला. त्याला एक नळकांडं असतं, तान्ह्या बाळांना लावतात तसं मुखवट्याचं. औषधाचा फवारा नळकांड्यात, मुखवटा थुतरीवर, आणि आठदहा श्वास मोजायचे. गोळीपेक्षा अंगभर परिणाम कमी. आधी आठवडाभर नुसता मुखवटा दाखवून गुळाचा कणभर खडा द्यावा लागला. आता मुखवटा दिसला की हवालदार स्वतःच नाक पुढे करतो. काका मात्र आपला पंप फळीवर ठेवतात, आणि तो तिथेच राहिला पाहिजे. कारण माणसाचा सालब्युटामॉलचा पंप कुत्र्याने खेळता खेळता चावून फोडला, तर सगळं औषध एकदम आत जातं, हृदय बेफाम धावतं आणि रक्तातलं पोटॅशियम घसरतं. तो पंप हाडकासारखा दिसतो, हा त्याचा दोष.

आणि मग श्वास मोजणं. कुत्रा गाढ झोपला, की छाती वर गेली आणि खाली आली, हा एक; असे एका मिनिटात किती, ते लिहून ठेवायचं. तिसाच्या आत हवेत. रोज रात्री तिसाच्या वर जायला लागले तर डॉक्टरकडे. आणि जीभ-हिरड्या निळसर दिसल्या, कुत्रा मान लांब करून, कोपरं बाहेर काढून उभाच राहिला, आडवं व्हायला तयार नसला, तर सकाळची वाट बघायची नाही, काढा करायचा नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही, गाडी काढायची. हे मोजण्याचं काम काकांनी मागून घेतलं, कारण रात्री झोप तशीही त्यांना येत नाही. अट एकच, की तो स्वप्नात पळत नसावा. हवालदार स्वप्नात पोस्टमनला भेटला की चाळीसच्या वर जातो. तो आकडा काका धरत नाहीत. "ड्यूटीवरचं हाय ते," म्हणतात.

मळणीत दर वर्षी हवालदाराची आठ दिवस बदली होते, उदगीरला लेकीच्या घरी. तिथे तो बदलीवरच्या माणसासारखाच वागतो, म्हणजे फक्त जेवतो. खोकला पूर्ण गेलेला नाही. पहाटे दोन-तीनदा येतो. पोस्टमनला आता सहा भुंकण्यांपर्यंत मजल जाते आणि पोस्टमनही सहावं होईपर्यंत दाराबाहेर शिस्तीत उभा राहतो.

गेल्या खेपेला काकांची वही मॅडमना दाखवली. तारीखवार आकडे: चोवीस, बावीस, सव्वीस, तेवीस. शेजारी दुसरा रकाना होता. त्यात अठ्ठावीस, तीस, बत्तीस.

"हे कुणाचे?" मॅडमनी विचारलं.

"माझे," काका म्हणाले. "जागाच असतो मी. एकाचे मोजायचे तर दोघांचे मोजले."

मॅडमनी तो रकाना दोनदा वाचला आणि काकांना त्याच आठवड्यात माणसांच्या डॉक्टरकडे जायला लावलं. काका हल्ली तिकडे नियमाने जातात, पण मनापासून नाही. म्हणतात, हवालदाराच्या मॅडम जास्त नीट बघतात. आणि तिथल्या रांगेत म्हशी असल्या तरी त्या आपापल्या आजाराबद्दल बोलत नाहीत.